विहीणबाईंना सापडलेला शार्शेन

माझे दाजी, शार्शेन तुर्दुबायेव, काराकोलच्या धंदेशिक्षण शाळेत यंत्रांची चित्रं काढायला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी मधमाश्या पाळल्या. मधमाश्यांना ते फारसे आवडत नसावेत, कारण उन्हाळाभर त्यांचा एक ना एक डोळा सुजलेला असायचा. याखेरीज सांगण्यासारखं त्यांच्या आयुष्यात काही घडलं नव्हतं. हे त्यांनाही ठाऊक होतं, आणि तेच त्यांचं दुखणं होतं.

माझी बहीण बुरुल औषधांच्या दुकानात बसते. कुणाला काय झालंय ते तिला न सांगता कळतं आणि ती ते सगळ्यांदेखत बोलून दाखवते. त्यांची एकुलती एक मुलगी आयपेरी डोंगरातल्या आरोग्यधामात लोकांचे आखडलेले गुडघे आणि खांदे मोकळे करते. मी सामात. काराकोल ते बालिकची या दोन गावांमध्ये मिनीबस चालवतो. नातेवाइकांसाठी फुकट, म्हणून नातेवाइकांना माझ्याबद्दल फार जिव्हाळा.

राजधानी बिश्केकचा एल्दियार नावाचा एक मुलगा फुटबॉल खेळताना मोडलेला गुडघा घेऊन आरोग्यधामात आला आणि गुडघा बरा झाल्यावरही येत राहिला. दिसायला देखणा, बोलायला गोड. आयपेरीला तो आवडला. पुढच्या वसंतात त्याचे आईवडील मागणी घालायला काराकोलला आले.

वडील तालाय, गरीब स्वभावाचा माणूस. घरात शिरल्यापासून बोर्सोक, म्हणजे तळलेल्या कणकेचे तुकडे, खात होते आणि निघेपर्यंत खात राहिले. आई दामिराबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्या बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघायच्या, जणू तिथं फळा टांगलाय. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे दोन्ही घरच्यांनी आपापल्या सात पिढ्यांची नावं म्हणून दाखवली. कुठं रक्त जुळत तर नाही ना, ते बघायला. तालायनी तोंडातला घास गिळून सातही बाप धडाधड म्हटले. दाजींनीही म्हटले: माम्बेतचा शार्शेन, सादिरचा माम्बेत, असं करत वरपर्यंत. दामिराबाई मान डोलावत होत्या. मग त्यांनी पिशवीतून फोन काढला.

"हे झालं जुन्या माणसांचं," त्या म्हणाल्या. "आता मी आजच्या पद्धतीनं बघते. मला तुम्हाला काही विचारायचंच नाहीये. मी सगळं शोधून काढलंय."

बुरुल म्हणाली, "काय शोधलंत?"

"नाव टाकलं की माणसाचा सगळा इतिहास येतो. नोकऱ्या, पत्ते, पुरस्कार. हे बघा." त्यांनी चष्मा चढवला. "तुर्दुबायेव शार्शेन. भूगर्भतज्ज्ञ. मोहिमेचे प्रमुख. सन्मानपदक. जन्म इसिक-कूल प्रांतात, वयसुद्धा तेच. आणि तुम्ही आम्हाला निरोप काय पाठवलात, तर 'मी साधा शिक्षक होतो'! प्रोफेसरसाहेब, केवढा हा विनय!"

खोलीत सगळे दाजींकडे बघू लागले. आता एवढंच म्हणायचं होतं की बाई, तो दुसरा कुणीतरी. लहान पोराला जमलं असतं. दाजींनी चहाची वाटी उचलली, फुंकर घातली, आणि म्हणाले, "तसं... डोंगरात काढलीत काही वर्षं."

खोटं नव्हतं. ऐन विशीत त्यांनी भूगर्भवाल्यांच्या तळावर दोन उन्हाळे ट्रक चालवला होता.

स्वयंपाकघरात बुरुल माझ्या कानाशी आली. "डोंगरात काढलीत म्हणे! ट्रकखाली उताणं पडून तेल कुठं गळतंय ते बघत काढलीत."

"मग बाहेर जाऊन सांग ना."

"मी का सांगू? ज्याचं थोबाड त्यानं उघडावं."

फोनवरच्या त्या पानावर नावाच्या खालीच वडिलांचं नाव होतं: काद्यर. सात-सात बाप पाठ म्हणणारी ही माणसं! त्यांच्यातल्या एकालाही फोनवरचा एक बाप वाचावासा वाटला नाही. मीही तो नंतरच वाचला, पण मी काही कुणाची मुलगी मागायला गेलो नव्हतो.

पाहुणे गेल्यावर आयपेरी बापावर उखडली. "बाबा, तुम्ही का नाही सांगितलंत?"

"मी कुठं हो म्हटलं?"

"नाहीही म्हटलं नाहीत!"

"अगं, आलेल्या माणसाला तोंडावर खोटं पाडायचं? पाहुणे आहेत. हळूहळू कळेल त्यांचं त्यांना."

आयपेरीनं त्याच दिवशी एल्दियारला फोन करून खरं काय ते सांगितलं. तो खूप हसला म्हणे. "राहू दे गं. आई खूश आहे, सगळ्या मैत्रिणींना सांगत सुटलीय. लग्न होऊ दे, मग मी सांगतो तिला." मुलीचा जीव भांड्यात पडला. मुलाला खरं माहीत आहे, मग आणखी काय हवं? असं तिला वाटलं. मलाही वाटलं, हे कबूल करतो. त्याचं हसू मोठं मोकळं होतं.

त्यानंतर दाजींचं जे काही झालं ते बघायला पैसे पडले नाहीत, हेच नवल. आधी चालण्यात फरक पडला. हात पाठीमागे बांधून, जमिनीकडे बघत, मधेच थांबून एखादा खडा उचलायचा, उन्हात धरायचा आणि "हं" म्हणून टाकून द्यायचा. मग चहाच्या दुकानात शेजारी मांस महागल्याचं बोलू लागले की हे म्हणायचे, "डोंगराला कुठं माहीत असतं भाव काय ते." लोक एकमेकांकडे बघायचे. इब्राय नावाचा त्यांचा एक जुना सहकारी मला म्हणाला, "सामात, तुझ्या दाजींना पुन्हा माशी चावली का रे? या वेळी आत कुठंतरी?"

मुलीच्या कानात डूल घालायचा, म्हणजे साखरपुड्याचा, समारंभ बिश्केकला झाला. माझ्याच गाडीतून गेलो. दामिराबाईंनी सगळी नातीगोती गोळा केली होती, आणि प्रत्येकाला दारातच सांगत होत्या, "हे आमचे व्याही, भूगर्भतज्ज्ञ." मेंढ्याचं डोकं, जे सगळ्यांत मोठ्या मानकऱ्याला देतात, ते दाजींच्या पुढ्यात आलं. खुद्द मुलाचा नव्वदीतला चुलत आजोबा शेजारी बसला होता, त्याला टाळून. दाजींनी सुरी घेतली, कान कापून पोरांना वाटले, आणि मग उभे राहून भाषण केलं. सारी-जाझ नदीच्या वर डोंगरात, बर्फात हरवलेले दिवस, घोडा दरीत गेला तो प्रसंग, आणि पहाटे खडकात चमकलेली ती पिवळी रेष. बायकांनी डोळे पुसले. आजोबा ऐकता ऐकता झोपले. त्या खोलीत शहाणा तेवढा एकच होता.

बुरुल शेजारच्या बाईला वाढत होती. माझ्याजवळून जाताना पुटपुटली, "घोडा कुठला? त्यांना घोड्यावर बसवलं तर उलटी होते."

दामिराबाईंनी स्वतः आयपेरीच्या कानात डूल घातले आणि म्हणाल्या, "आमच्या घरात नावाला जपतात हं, मुली." एल्दियार पलीकडे उभा राहून तिला डोळा मारत होता.

लग्न शरदात ठरलं. उन्हाळा सरत आला, बुरुलच्या घरी जर्दाळू वाळत पडले होते, तेव्हा एके दुपारी बुरुलचा फोन वाजला. मी तिथंच होतो. तिचे हात माखलेले, म्हणून तिनं आवाज मोठा केला आणि फोन खिडकीत ठेवला.

"तुम्ही आम्हाला अंधारात ठेवलंत." दामिराबाई. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"काय झालं विहीणबाई?"

"काय झालं? तुमचे यजमान तुरुंगात होते ते झालं! तेच पान, तेच नाव. खाली न्यायालयाच्या नोंदी आहेत. सोनं नसताना सोनं आहे असा खोटा अहवाल दिला, म्हणून शिक्षा. माझ्या मैत्रिणीनं दाखवलं मला, चारचौघींत! मला कसं वाटलं असेल!"

म्हणजे बाईंनी सगळं शोधून काढलं होतं ते पहिल्या पानापुरतं. पदक दिसलं आणि बोट थांबलं. पान खाली सरकवायला त्यांना एक अख्खा उन्हाळा आणि एक मैत्रीण लागली.

दाजी आतून धावत आले. "तो मी नाही! विहीणबाई, देवाशपथ, तो मी नाही! वडिलांचं नाव बघा, तो काद्यरचा मुलगा! मी माम्बेतचा!"

बुरुलनं हात पुसले. नवऱ्याकडे शांतपणे बघितलं. "आणि पदकवाला कुणाचा मुलगा होता?"



"मला काही ऐकायचं नाही," फोनमधून आवाज आला. "सिद्ध करा. तो दुसरा माणूस असेल तर दाखवा. नाहीतर डूल परत पाठवा." आणि फोन बंद.

आयपेरीनं एल्दियारला फोन लावला. तो म्हणाला, "हो गं, मला माहीत आहे. पण आई आत्ता तापलीय. तिला थंड होऊ दे. तोवर बाबांनी काहीतरी पुरावा आणला तर बरं पडेल, नाही का?" आयपेरीनं फोन ठेवला आणि जर्दाळूंच्या ट्रेवरच्या माश्या हाकलत बसली. बराच वेळ. माश्या नव्हत्याच फारशा.

दाजी दोन दिवस जेवले नाहीत. मग म्हणाले, "सामात, गाडी काढ. त्या माणसाला शोधू. त्याला बाईसमोर उभा करतो."

त्याचा पत्ताही त्याच पानावर होता. इसिक-कूल सरोवराच्या दक्षिण काठावरचं तोसोर गाव. वाटेत दाजी त्या गुन्हेगाराला सुनवायची वाक्यं जुळवत होते. "माझं नाव बुडवलंस म्हणेन. नावाची लाज कशी नाही वाटली म्हणेन." मी म्हटलं, "नाव त्याचंपण आहे, दाजी." 

गावात विचारलं तर एका बाईनं बोट दाखवलं, "कुठला शार्शेन? भूगर्भवाला? ते निळं फाटक."

दाजी जागीच थबकले. "भूगर्भवाला?"

फाटकाआड एक उंच, वाकलेला म्हातारा सफरचंदाच्या झाडाला टेकू लावत होता. आम्ही कोण ते सांगितलं. दाजींनी नाव सांगताच तो हसला, पण ते हसू काही गोड नव्हतं. "कुणाचा मुलगा?"

"माम्बेतचा."

"मी काद्यरचा. चला, नावाची चोरी झाली नाही म्हणायची. या, बसा."

चहा आला. दाजींनी घसा खाकरून सुरुवात केली, जुळवलेली वाक्यं सगळी विसरून. मुलीचं लग्न, विहीणबाई, फोन, न्यायालयाची नोंद. म्हातारा ऐकत राहिला. मग म्हणाला, "नोंद खरी आहे. वरच्यांना सोनं हवं होतं, मी कागदावर सोनं लिहून सही केली. लोकांची कुरणं गेली, गुरं विकावी लागली त्यांना. सोनं नव्हतंच. मी तुरुंगात गेलो, ते बरोबर झालं. पण मला एक सांग. तुझ्या विहीणबाईनं हे आता वाचलं. मग आधी तुझी मुलगी कशाला मागितली? आधी काय वाचलं होतं तिनं?"

दाजी वाटीत बघू लागले. मीच सांगितलं. पदक, मोहिमेचे प्रमुख, मेंढ्याचं डोकं.

"अच्छा!" म्हातारा मागे रेलला. "म्हणजे माझं पदक लावून जेवलास तू. आणि भाषण?"

"केलं थोडं," दाजी म्हणाले.

"सोनं कुठं सापडलं मला?"

"सारी-जाझच्या वर."

"सारी-जाझला मी उभ्या आयुष्यात गेलो नाही. सोनं कधी सापडलंच नाही मला, कुठंच. पदक शिशासाठी मिळालं होतं." तो आता मोठ्यानं हसत होता, खोकत होता. "वा रे मर्दा! जिथं सोनं नाही तिथं दाखवल्याबद्दल मला आत टाकलं. आणि तूही तेच केलंस, तर तुला डोकं वाढलं!"

दाजींचे कान लाल झाले होते. तीसेक वर्षं ओळखतो मी त्यांना, पण इतकं लहान झालेलं कधी बघितलं नव्हतं. मला हसू येत होतं आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

"बिश्केकला येत नाही मी," म्हातारा म्हणाला. "माझे पाय त्या बाईसाठी नाहीत. फोन लाव."

मी लावला. आवाज मोठा केला.

"दामिराबाई का? मी शार्शेन तुर्दुबायेव बोलतोय. काद्यरचा मुलगा. भूगर्भवाला. पदक माझं, तुरुंगही माझा. दोन्ही एकाच माणसाचं आहे, बाई. तुमच्याकडे जेवून गेले ते यातले काहीच नाहीत."

 मग बाईंनी विचारलं, "मग ते कोण आहेत?"

म्हाताऱ्यानं दाजींकडे बघितलं. दाजी पुढं वाकून फोनमध्ये म्हणाले, "मी यंत्रांची चित्रं काढायला शिकवायचो. आता मधमाश्या पाळतो." आवाज घोगरा, पण वसंतापासून त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं सरळ वाक्य होतं.

"धंदेशिक्षण शाळेत?" बाईंनी विचारलं.

"हो."

"अच्छा," त्या म्हणाल्या. तुरुंगाचं सांगताना त्यांचा आवाज चढला होता. आता तो जो पडला, तसा तेव्हाही पडला नव्हता. गुन्हेगार का होईना, मोठा माणूस होता. हा तर नुसताच माणूस निघाला.

निघताना दाजी म्हाताऱ्याला म्हणाले, "माफ करा." तो म्हणाला, "मला नको म्हणूस. घरी जा आणि बायकोला म्हण." आणि पुन्हा टेकू लावायला गेला.

दाजींनी बुरुलला काय म्हटलं ते मला माहीत नाही. एवढं खरं की दुसऱ्या दिवशी ते चहाच्या दुकानात गेले आणि इब्रायसमोर बसून त्यांनी सगळं सांगितलं, सारी-जाझसकट. लोक पोट धरधरून हसले. दाजी हसले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत.

आठवड्यानं दामिराबाईंचा निरोप आला. आपण मोठ्या मनाच्या आहोत, लग्न मोडणार नाही. मात्र समारंभ लहान करू आणि भाषणं नकोत. बाईंच्या मनाचा मोठेपणा एवढाच की तो निरोप त्यांनी स्वतः दिला नाही, नवऱ्याकरवी दिला. तालाय बिचारे फोनवर म्हणाले, "माफ करा हं," आणि पलीकडे काहीतरी चावल्याचा आवाज आला.

बुरुल म्हणाली, "आता तूच ठरव, मुली. आम्ही पुरेसं ठरवलं."

आयपेरीनं एल्दियारला बालिकचीला बोलावलं. मी गाडी नेहमीच्या थांब्यावर लावली. तिथं बाया धुरावलेले मासे लटकवून विकत बसलेल्या असतात. एल्दियार आला, तसाच देखणा, हातात फुलं. मला बघून "सामातमामा!" म्हणाला आणि मिठी मारायला पुढे झाला. मी चाकाची हवा बघायला खाली वाकलो.

ती दोघं जवळच उभी होती. मी ऐकत नव्हतो असं म्हणणार नाही.

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," आयपेरी म्हणाली.

"होतं ना. मी कधी नाही म्हटलं?"

"मग आईनं बाबांना तुरुंगातला ठरवलं तेव्हा का नाही बोललास? एक वाक्य. 'आई, तुरुंगातले ते हे नाहीत.'"

"आई ऐकत नाही गं. तुला माहीत नाही ती कशी आहे. आणि आता मिटलं ना सगळं? कशाला उकरतेस?"

"तुझ्यासमोर माझ्या बाबांना काहीही म्हटलं तर तू गप्पच बसशील."

"अगं, तुझे बाबाही गप्पच बसले होते की!"

खरं होतं. पोरगं इतकंही मठ्ठ नव्हतं. आयपेरीनंही ते नाकारलं नाही. मग म्हणाली, "बसले होते. त्याबद्दल घरी त्यांनी माझी बोलणी खाल्लीत. आणि त्यांनी शेवटी तोंड उघडलं. आणखी एक गप्प माणूस मला घरात नकोय."

तिनं कानातले डूल काढले. एकाची कडी अडकली होती, ती जोर लावून सोडवली, कानाला थोडं रक्त आलं. तिनं ते त्याच्या हातावर ठेवले. तो म्हणाला, "आईला काय सांगू?"

"बघ," ती म्हणाली, "अजूनही तेच विचारतोयस."

तो बिश्केकच्या गाडीकडे गेला. फुलं त्यानं मासेवालीच्या टोपलीपाशी ठेवली आणि ती मासेवाली त्याच्याकडे बघून हसली. मला खात्री आहे, तोही हसला असेल.

पुढं कळलं की दामिराबाईंनी दुसरी मुलगी शोधली, आणि या वेळी सगळी पानं शेवटपर्यंत वाचली. त्या मुलीच्या बापाच्या नावाचा म्हणे अख्ख्या देशात दुसरा माणूसच नाही. लग्न थाटात झालं. ती मुलगी कशी आहे, हे मला कुणीच सांगू शकलं नाही.

पण त्या दिवशी, तो गेल्यावर, आयपेरीनं थांब्यावर दोन मोठे मासे घेतले आणि माझ्या शेजारी पुढच्या सीटवर बसली. मागचे प्रवासी वासानं कुरकुरू लागले. ती वळून म्हणाली, "खिडक्या उघडा मग," आणि कागद सोडून मासा खायला लागली. अर्धा मला दिला. काराकोल येईपर्यंत आम्ही काट्यांखेरीज कशाबद्दलच बोललो नाही.